गिरजाच्या गोठी

धनराजभाऊ काही नवीन टाईप करायला बसले की आधी खुर्ची जराशी तिरपी करून घ्यायचे. पाठ त्यांची चांगली रुंद. मागे उभ्या माणसाला मग पडदा दिसायचा नाही, नुसता कळा दाबल्याचा आवाज यायचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या स्टेशन रोडवर, धानाच्या अडतींच्या रांगेत, एका दुकानाच्या माडीवर त्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. चौऱ्याण्णव-पंचाण्णवचा तो काळ. गावात कॉम्प्युटरला हात लावलेली माणसं मोजकीच होती आणि राइस मिलचे हिशेब त्यावर बसवून देणारा माणूस एकच होता. हे एकटेपण धनराजभाऊंनी जिवापाड जपलं होतं.

गिरजा दुमाने बी.कॉम. झाल्यावर त्यांच्याकडे कामाला लागली. तिचे वडील डोमा हे गावच्या तलावात आणि वैनगंगेत मासे धरायचे, आणि आई कलाबाई ते टोपल्यात घालून वडशाच्या बाजारात बसायची. घरात वायरीवर चालणारी वस्तू म्हणजे एक बल्ब. पण गिरजाला त्या माडीवरच्या मशीनचं भय कधी वाटलं नाही. पोरीचा स्वभावच असा, की कुठे काही अडलं की ते का अडलं हे कळेपर्यंत ती तिथून हलायची नाही.

एकदा एका मिलचा मुनीम कागदांचा गठ्ठा घेऊन माडी चढून आला. रिपोर्ट इतका रुंद होता, की प्रत्येक पानाच्या उजवीकडचे आकडे दुसऱ्या पानावर सांडत होते आणि बिचारा डिंकानं पानं चिकटवून वाचत होता. धनराजभाऊंनी खुर्ची तिरपी केली. गिरजाला म्हणाले, "तू जरा चहा सांगून ये."

ती चहा सांगून वर आली तोवर प्रिंटर बारीक अक्षरांत सगळा रिपोर्ट एकाच पानावर काढत होता. मुनीम हात जोडून उभा होता.

दोघं खाली गेल्यावर गिरजानं तो प्रोग्राम उघडला. एकच नवी ओळ होती. तीन प्रश्नचिन्हं, आणि त्यापुढे कंसात पंधराचा आकडा. तिला काही उमजेना. प्रिंटरची माहितीपुस्तिका टेबलाचा पाय डगमगू नये म्हणून त्याखाली घातलेली होती. ती तिनं ओढून काढली आणि डगमगत्या टेबलाशीच वाचत बसली. पंधरा हा आकडा प्रिंटरकडे गेला की तो अक्षरं बारीक करतो, आणि तीन प्रश्नचिन्हं म्हणजे 'हे पडद्यावर दाखवू नको, थेट प्रिंटरला सांग'. बस्स, एवढंच. गिरजाला आधी गंमत वाटली. मग मुनिमाची डिंकानं बरबटलेली बोटं आठवली आणि तिला रागच आला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "भाऊ, हे तं एका ओळीचं काम हाये. सगळ्या मिलवाल्याईले सांगून देऊ ना."

"धंद्याच्या गोठी अशा वाटत नसतात, गिरजा," धनराजभाऊ हसून म्हणाले. "सांगून टाकलं तं उद्या आपल्याले बोलावन कोन?"

माणूस वाईट नव्हता तो. पगार वेळेवर द्यायचा, पोरींशी नीट वागायचा. पण दुसऱ्या दिवशी गिरजानं एका फ्लॉपीवर नवी फाईल उघडली आणि त्या ओळीचा अर्थ, ती कुठे घालायची, काय होईल, हे सगळं रोमन अक्षरांत आपल्या बोलीत लिहून काढलं. त्या काळी फाईलचं नाव आठ अक्षरांत मावावं लागे. तिनं नाव दिलं, 'गोठी', म्हणजे गोष्टी.

त्या फाईलमध्ये मग रोज काही ना काही पडत गेलं. मशीन सुरू होतानाच्या फाईलमध्ये कुठली ओळ घातली म्हणजे एका वेळी जास्त फाईली उघडता येतात. लाईट गेल्यावर याद्यांचा क्रम विस्कटतो तो परत कसा लावायचा. तारीख आपल्याकडच्या पद्धतीनं, आधी दिवस मग महिना, अशी कशी दाखवायची. आकडे अक्षरी लिहिताना परदेशी पद्धत सोडून लाख आणि करोड कसे आणायचे. ह्या एका तुकड्यावर तिचे कित्येक रविवार गेले. काही तिनं स्वतः सोडवलेलं होतं, काही मदतीच्या पडद्यांवर सापडलेलं, आणि काही धनराजभाऊंच्या रुंद पाठीआड राहिलेलं आणि नंतर तिनं शोधलेलं.

प्रिंटरच्या रिबिनी आणि फ्लॉप्या आणायला ती चंद्रपूरला जायची. तिथल्या दुकानात तिच्यासारखेच लोक भेटत. कोणी पतसंस्थेचं काम करणारा, कोणी ब्रह्मपुरीच्या मिलचा, कोणी आरमोरीहून आलेला. गिरजा प्रत्येकाला एकच विचारायची, "तुमचं काय अडलं होतं, अन् सुटलं कसं?"

पहिल्या पहिल्यांदा लोक हसले. एकजण तर तोंडावर म्हणाला, "बाई, तुले काय भेटते यातून?"

"उद्या मी अडली तं मले भेटन," ती म्हणाली.

पोकळ बोलून भागणार नाही हे तिला कळत होतं. म्हणून तिनं आधी दिलं. लाख-करोडचा तुकडा फ्लॉपीवर घालून ती दुकानात ठेवून आली, कोणीही उतरवून घ्यावा म्हणून. अट एकच घातली: फ्लॉपी परत येताना रिकामी येऊ नये, त्यात आपली एक तरी गोठ घालून पाठवावी. पुढच्या खेपेला फ्लॉपी रिकामीच मिळाली. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा मात्र ब्रह्मपुरीच्या एका माणसानं छापताना मधेच कागद संपला तर प्रोग्राम पडू नये याची युक्ती घालून ठेवली होती. गिरजा बसमध्ये बसल्यावर ती फ्लॉपी पिशवीतून काढून काढून बघत राहिली, जसं काही बाहेरूनच आतलं वाचता येणार होतं.

हळूहळू फ्लॉप्या फिरू लागल्या. एसटीचे कंडक्टर त्या खाकी पाकिटात घालून गडचिरोलीला, चामोर्शीला, आलापल्लीला पोचवायचे. गिरजा आलेली प्रत्येक गोठ वाचून, नीट लिहून 'गोठी'त घालायची आणि नवी प्रत पाठवायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं त्यात स्वतःची एक गोठ घातली. तिचा तिला मोठा अभिमान होता. हार्ड डिस्कवर लिहायचा मजकूर मशीननं लगेच न लिहिता आधी स्मरणात साठवायचा आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचा, अशी सोय सुरू करणारी एक ओळ होती ती. ती घातली की अर्धा तास चालणारा रिपोर्ट चहा येईपर्यंत तयार व्हायचा. धनराजभाऊंच्या मशीनवर तिनं ती महिनाभर वापरून पाहिली होती. काही बिघडलं नाही. बिघडणार कसं? तिथे बॅटरी होती. लाईट गेली तरी मशीन चालू राहायचं.

मे संपता संपता माडीखालच्या एसटीडी बूथवर तिच्यासाठी फोन आला. एटापल्लीहून लालसू नरोटी बोलत होता. माडिया आदिवासी घरातला मुलगा, गडचिरोलीला कॉलेज शिकलेला. तिथल्या एका वनउपज संस्थेत त्यानं स्वतः बसून प्रोग्राम लिहिला होता: कोणत्या गावच्या कोणत्या माणसानं किती मोहफूल, किती चारोळी, किती हिरडा आणून दिला याची नोंद. 'गोठी'ची फ्लॉपी नेमानं मागवणाऱ्यांत तो होता. एकदोनदा चंद्रपूरच्या दुकानात भेटलाही होता.

"मॅडम," तो म्हणाला, "ती स्पीडची गोठ टाकली होती मी."

"मंग?"

"लाईट गेली. आली तवा फाईल अर्धीच होती. सीझनचं सगळं गेलं."

"दुसरी प्रत?"

"त्या फ्लॉपीले बुरशी लागली. वाचतच नाई."

गिरजा बूथच्या काचेला हात लावून उभी राहिली. काय झालं हे तिला लागलीच कळलं होतं. मजकूर स्मरणात साठलेला असतानाच वीज गेली, म्हणजे डिस्कवर उतरायचं ते उतरलंच नाही, आणि जे उतरलं ते अर्धवट.

"मी येते," ती म्हणाली.

वर येऊन तिनं धनराजभाऊंना सांगितलं. ते वैतागले. "लाईट गेली त्यात तुहा काय दोष? सांगून दे, लाईटीनं झालं."

"लाईट तं तिथी रोजच जाते, भाऊ. लिवतानी हे मले सुचाले पायजे होतं."

"नवीन बॅच सुरू होऊन राह्यली. आता सुट्टी नाई भेटत."

"नाई भेटली तरी जाते."

डोमा तिला सोडायला बसस्टँडवर आले. पिशवीत वाळवलेल्या मासोळ्यांची पुडी होती. बस सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन म्हणाले, "बिघडलं तं बसून नीट कर. घाई करून अजून बिघडवजो नोको."

गडचिरोलीत बस बदलून, चामोर्शी, आष्टी आणि आलापल्लीचं सागवान मागे टाकत ती एटापल्लीला पोचली तेव्हा दुपार कलली होती. संस्थेच्या गोदामात मोहाचा आंबूस-गोड वास भरलेला. एका कोपऱ्यात फडक्याखाली मशीन. लालसू दारात उभा होता. त्यानं जोहार केला, पण चेहरा बंद होता. आत गेल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "तुमच्या वडशात बॅटरी हाये. आमच्या इथी नाई. हे तुमच्या गोठीत कुठी लिवलं होतं?"

"नव्हतं लिवलं," गिरजा म्हणाली. "चुकलं माझं. वजनाच्या पावत्या हायेत का?"

पावत्या होत्या. पोत्यांत भरलेल्या, अंगठ्यांचे ठसे उमटलेल्या, हजारांनी. पाऊस आला की नाले भरणार, रस्ते तुटणार, आणि मग लोकांना आपापल्या मालाचा हिशेब दिवाळीपर्यंत कळणार नव्हता. तेव्हा जे करायचं ते पावसाआधीच.

ती लालसूच्या बहिणीकडे, मंगलीकडे राहिली. मंगलीला मराठी थोडंच यायचं आणि गिरजाला माडिया मुळीच नाही. मासोळ्यांची पुडी मात्र दोघींना चांगली समजली. मंगलीनं ती चिंचेच्या पाण्यात शिजवली, आणि तेव्हापासून गिरजा तिच्या चुलीपाशीच जेवली. पहाटे लाईट असायची, तेव्हा ती आणि लालसू गोदामात जाऊन नोंदी करत. एकजण वाचायचा, दुसरा टाईप करायचा. लाईट गेली की जमिनीवर बसून पावत्या गावागावांप्रमाणे लावायच्या. ती स्पीडची ओळ गिरजानं पहिल्याच सकाळी काढून टाकली होती. लालसू पहिले काही दिवस कामापुरतंच बोलला. मग एका दुपारी पावत्या लावता लावता त्याला हसू फुटलं.

"हे बघा. एकाच गावात चार कोलू पुंगाटी. त्यातल्या दोघाईच्या बापाचं नाव बी एकच. पहिल्या वर्षी एकाचा मोह दुसऱ्याच्या नावावर गेला होता. लई भांडण झालं."

"मंग तुम्ही काय केलं?"

"टोला टाकला. घर कोन्या टोल्यावर, म्हंजे कोन्या वस्तीत हाये ते. नाव, बाप, टोला, तिन्ही जुळले तरच तो मानूस."

गिरजा थांबली. "हे 'गोठी'त पायजे."

"हे काय गोठ हाये? हे तं साधं हाये."

"तुमच्यासाठी साधं हाये. चंद्रपुरात बसून प्रोग्राम लिवनाऱ्याले ठाऊक नाई."

शेवटच्या पोत्याशी आले तेव्हा खरी अडचण निघाली. पोत्याच्या तळाला वाळवी लागली होती. चार कोलूंच्या त्या गावच्या बहुतेक पावत्या त्यातच होत्या, त्यांचा नुसता भुगा उरलेला. लालसू डोकं धरून बसला. गिरजानं भुगा चिमटीत घेऊन पाहिला, खाली टाकला आणि विचारलं, "हे गाव कुठी हाये? सायकलीनं जाता येते?"

येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं निघाले. गावात मोठ्या झाडाखाली माणसं जमली. लालसूला वाटत होतं, आपण पावत्या वाळवीनं खाल्ल्या एवढंच सांगावं. गिरजा म्हणाली, सगळं सांगा, आधी माझं सांगा. तिनं मराठीत सांगितलं आणि त्यानं माडियात केलं: की ही बाई वडशाची, तिनं लिहिलेली एक युक्ती यंत्रात घातली, आणि त्यामुळे यंत्रातल्या नोंदी गेल्या.

गावचा म्हातारा कोलू पुंगाटी, चौघांतला सर्वांत वडील, बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं काहीतरी विचारलं.

"काय म्हनतात?" गिरजानं विचारलं.

"म्हनतात, पेटीले याद राहत नाई, मंग आनली कायले?"

माणसं हसली. गिरजाही ओशाळून हसली. म्हणाली, "त्याईले सांगा, पेटीले याद ठेवाले आमी शिकवून राह्यलो. अजून कच्ची हाये. तवापर्यंत तुमची याद द्या."

लालसूनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि बायकांकडे हात केला, कारण मोह वेचणाऱ्या त्याच होत्या. एकेक बाई उठून सांगू लागली: आपण किती टोपली मोह नेला, कोणत्या बाजाराच्या दिवशी, सोबत कोण होतं. कोणी एखादं टोपलं वाढवून सांगितलं की शेजारीण खुदकन हसायची आणि आकडा खाली यायचा. एका म्हातारीनं कमी सांगितलं तेव्हा तिच्या सुनेनंच तो दुरुस्त केला. टोपल्यांचं वजन कसं धरायचं यावर थोडी घासाघीस झाली, पण ती सगळ्यांच्या देखत मिटली. गिरजा लिहीत गेली. उन्हं उतरली तेव्हा त्या गावाचा सगळा मोह कागदावर परत आला होता, आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

पहिले ढग डोंगरावर दिसू लागले त्या आठवड्यात काम संपलं. निघायच्या आधी लालसूनं तिला मदतीच्या पडद्यांत सापडलेली एक आज्ञा दाखवली. प्रत्येक नोंदीनंतर ती दिली की प्रोग्राम आपल्याजवळ काही धरून ठेवत नाही, सगळं लगेच डिस्कवर उतरवतो. "काम हळू होते," तो म्हणाला, "पन जात नाई." दोघांनी मशीनची वायर मुद्दाम उपटून उपटून ती तपासली.

वडशाला परतताना बसमध्ये गिरजानं मनाशी ठरवलं ते असं: यापुढे 'गोठी'त नुसती युक्ती जाणार नाही. खाली लिहायचं, कोणी दिली, कोणत्या मशीनवर पाहिली, तिथे बॅटरी होती की नव्हती, आणि ही कुठे वापरू नये. आपण स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही ओळ आत जाणार नाही. स्पीडची गोठ तिनं काढून टाकली नाही. तिच्या डोक्यावर लिहिलं, की हिनं एटापल्लीत एका संस्थेचा अख्खा सीझन घालवला. बॅटरी नसेल तर हात लावू नका.

माडीवर तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसली होती. धनराजभाऊ म्हणाले, "तुले सांगतलं होतं मी." गिरजानं मान डोलावली, आपली माहितीपुस्तकं उचलली आणि खाली उतरली. बसस्टँडमागे एक खोली घेतली, एक जुनं मशीन घेतलं, आणि बाकी काही घेण्याआधी बॅटरी घेतली. एकदोन मिल तिच्याकडे आल्या. हिवाळ्यात नाटक कंपन्यांचं काम मिळालं: झाडीपट्टीच्या सीझनमध्ये कोणत्या गावाला कोणती तारीख दिली, तीच तारीख दोनदा गेली नाही ना, याचा प्रोग्राम. तारखांची मागणी तिपटीनं वाढली की कंपनीचे मॅनेजर तिच्या खोलीत येऊन भांडत, आणि भांडता भांडता प्रोग्राम कसा हवा ते तिला सांगून जात. घरी लग्नाची बोलणी येत होती. ती दर वेळी "हा सीझन होऊ द्या" म्हणायची. कलाबाईनं शेवटी विचारणंच सोडलं.

नव्व्याण्णव साल आलं तसे लोक घाबरले. जुन्या प्रोग्रामांत सालाचे दोनच आकडे ठेवलेले, म्हणजे दोन हजार साल लागलं की मशीनला ते एकोणीसशे वाटणार. 'गोठी'त त्यावरच्या चार-पाच युक्त्या जमा झाल्या. गिरजानं त्यातल्या दोन नापास केल्या. ज्यांच्या होत्या ते रागावले. ती त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर चालवून, कुठे फसते ते दाखवत बसली. ज्या टिकल्या त्या जिल्हाभर गेल्या. साल बदललं आणि तिच्या ओळखीतली एकही मिल एकोणीसशेत गेली नाही.

त्या नव्या सालच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या टेबलावर तिला एक छापील पुस्तिका दिसली. धनराजभाऊंच्या सेंटरची, विद्यार्थ्यांसाठी काढलेली. गिरजानं दोन पानं उलटली आणि तिसऱ्या पानावर तिला आपलंच वाक्य भेटलं. मग सगळी 'गोठी' भेटली. ब्रह्मपुरीवाल्याचं नाव नाही, लालसूचं नाव नाही, तिचं नाही. ते तिनं गिळलं. पण स्पीडची ओळ आली, आणि त्या ओळीच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

ती तशीच उठून माडीवर गेली. धनराजभाऊ क्लास घेत होते. ती दारात थांबली. पोरं बाहेर पडल्यावर आत जाऊन पुस्तिका त्यांच्यापुढे उघडी ठेवली.

"नावं काढली त्याचं काई नाई, भाऊ. इशारे काऊन काढले?"

धनराजभाऊ थोडे गोंधळले. "जागा खाऊन राह्यले होते. छपाईवाला म्हने, पानं कमी करा."

"ही ओळ वाचली? हिनं एटापल्लीत काय केलं, तुमाले ठाऊक हाये."

"अगं, आता कोन वापरते ते जुनं? पोरं नुसती पाठ करतात."

"एक जरी वापरन ना भाऊ, तं त्याची फाईल जाईन. अन् त्याले कळनार बी नाई, कशानं गेली."

त्यांनी पुस्तिका जवळ ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "वाटून झाल्या आता. काय करू?"

"कोनाले दिल्या ते सांगा."

त्यांनी सांगितलं. गिरजानं इशाऱ्यांची पट्टी छापून घेतली आणि जिथे जिथे पुस्तिका गेली तिथे जाऊन आपल्या हातानं चिकटवली. काही पोरांनी चेष्टा केली. काही पुस्तिका सापडल्याच नाहीत. त्या सापडल्या नाहीत ही गोष्ट तिला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली. पण त्या हिंडण्यातच तिच्या डोक्यात पक्कं बसलं, की कागद आणि फ्लॉपी एकदा हातातून सुटली की दुरुस्त होत नाही. 'गोठी' अशा एका जागी पाहिजे, जिथे आपण आज सुधारलं की सगळ्यांना आजच सुधारलेलं दिसेल.

तोवर वडशात इंटरनेटचं एक दुकान निघालं होतं. फोनच्या तारेवर चालणारं, किरकिरत जोडलं जाणारं, आणि कोणाचा फोन आला की तुटणारं. गिरजा तिथे बसून दुसऱ्यांची पानं कशी बांधली आहेत ते उघडून बघायची आणि तसं बांधायला शिकली. फुकट मिळणाऱ्या एका जागेवर तिनं 'गोठी' चढवायला घेतल्या. अर्धं चढलं की तार तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दुकानाचा मालक म्हणायचा, "बाई, उद्या या." ती म्हणायची, "आज थोडं राह्यलं हाये." मग तिनं एका मोठ्या पानाची पुष्कळ छोटी पानं केली, म्हणजे तार तुटायच्या आत एक तरी पूर्ण जाईल. 'तुटणाऱ्या तारेवर पान कसं चढवायचं' ही त्या जागेवरची पहिली नवी गोठ. देवनागरी अक्षरं तेव्हा सगळीकडे दिसत नव्हती, म्हणून भाषा झाडीबोली आणि लिपी रोमन. बाहेरच्या माणसाला ते वाचताना काय वाटत असेल कोण जाणे. पण नाशिकहून, बेळगावहून पत्रं येऊ लागली. पुष्कळांनी धन्यवाद लिहिले. तिला आवडायची ती चूक दाखवणारी पत्रं. चूक खरी निघाली की ती त्याच दिवशी सुधारून, दाखवणाऱ्याचं नाव खाली घालायची.

लालसू एटापल्लीतच राहिला. त्यानं संस्थेत बॅटरी आणवली, मग सौर पाट्या आणवल्या, आणि त्यांवर मशीन चालवायच्या सगळ्या गोठी त्यानंच लिहिल्या. म्हातारे कोलू पुंगाटी दोन हजार तीन साली गेले. गिरजा त्यांच्या गावाला जाऊन आली.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात सिरोंच्याहून आचल नावाच्या मुलीचं पत्र आलं. ती एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर कामाला होती. तिकडे अर्धे लोक तेलुगू वाचतात, अर्धे मराठी. औषध कधी घ्यायचं याची चिठ्ठी एकाच कागदावर दोन्ही लिपींत छापायची तिनं सोय बसवली होती, आणि ती 'गोठी'त द्यायची होती. गिरजानं ती आपल्या मशीनवर बसवली. कागद छापला गेला. पण तेलुगू बरोबर आली की नाही, हे तिला कसं कळणार? तिच्यासाठी ती सगळी वेलबुट्टीच.

वडशात तेलुगू वाचणारा माणूस नव्हता असं नाही. पण दवाखान्याची चिठ्ठी होती. ती तिथल्याच मशीनवर, तिथल्याच प्रिंटरवर, ती वाचणाऱ्या माणसासमोर छापून बघायला हवी होती. गिरजानं पिशवी भरली. डोमा आता थकले होते, बसस्टँडपर्यंत येत नव्हते. अंगणातूनच म्हणाले, "किती दूर हाये हे सिरोंचा?"

"पार शेवटी हाये, बाबा. तिथून पुढी तेलंगी मुलूख लागते."

बसनं दिवस खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आचल तिची वाटच बघत होती. पंचविशीच्या आतली, भराभर बोलणारी, एका वाक्यात मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही. तिनं चिठ्ठी छापली. रांगेत बसलेल्या एका बाईला हातात दिली. बाईनं वाचली, थांबली, कागद जवळ धरला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?"

आचलचा चेहरा उतरला. "एक जोडाक्षर फुटून राह्यलं, मॅडम. 'रात्री' वाचाले येत नाई त्याईले."

"कोनतं अक्षर? दाखव."

दोघी बसल्या. अक्षरसंच बदलला, छापलं, मराठी बिघडली. परत पहिला घेतला, प्रिंटरची मांडणी बदलली, छापलं. अक्षर जुळलं पण ओळ खाली घसरली. रांगेतली ती बाई आपलं औषध घेऊन झाल्यावरही गेली नाही. बाकावर बसून राहिली आणि निघालेला प्रत्येक कागद मागून घेऊन वाचू लागली. मान हलवायची, परत द्यायची. दुपारी आचलला सुचलं, की प्रिंटरला अक्षरं पाठवण्याऐवजी अख्खी चिठ्ठी चित्रासारखी पाठवावी. छापायला वेळ लागत होता. कागद सरकत सरकत बाहेर आला. बाईनं तो घेतला आणि मोठ्यानं, एका दमात, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

आचलनं टाळी वाजवली. गिरजा कागदाकडे बघत म्हणाली, "हळू हाये. पन बरोबर हाये ना?"

"बरोबर हाये."

"मंग लिव. तुहं नाव घाल, दवाखान्यातल्या प्रिंटरचं नाव घाल. अन् ह्या बाईचं नाव काय, ते बी विचार."

आचलनं विचारलं. बाई लाजली, पण नाव सांगितलं. आचल ते टाईप करू लागली. बाहेर परतीची शेवटची बस निघून गेली होती. गिरजानं आचलला विचारलं, इथं जवळपास जेवण कुठं मिळेल, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.